हलकी सॅक, नवीन सोबतीण आणि नाणेघाटातला एक मुक्काम



मागच्या लेखात वजन-मापन या घटकासाठी दप्तराचा उपक्रम दिला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की मॅडम, तुम्ही ट्रेकला जाता तेव्हा स्वतःची सॅक मोजता का? मोजते. गेल्या डिसेंबरात तर ग्रॅम-ग्रॅम मोजून गेले होते, तेही पहिल्यांदाच बरोबर येणाऱ्या एका मॅडमना घेऊन. त्या मोजण्यात एक चूक झाली, आणि ती सर्वस्वी माझी होती. म्हणून आज तोच विषय घेते. रात्रीच्या मुक्कामाला कमीत कमी वजन घेऊन कसं जायचं, ते कुठवर ताणायचं आणि बरोबरचा माणूस नवीन असेल तर सॅक भरण्याआधी काय करायचं, हे सगळं त्या एका मुक्कामाच्या आधाराने सांगते.

आधी शब्द समजून घेऊ. ट्रेक करणाऱ्यांमध्ये ‘अल्ट्रालाइट’ हा शब्द सध्या फार चालतो. अति हलकं, असा त्याचा साधा अर्थ. यात मोजायची पद्धत ठरलेली आहे. सॅक आणि तिच्यात जे काही शेवटपर्यंत तसंच राहतं, म्हणजे अंथरूण-पांघरूण, कपडे, बॅटरी, औषधं, रिकाम्या बाटल्या, याचं वजन म्हणजे मूळ वजन. पाणी, खाऊ आणि इंधन वाटेत संपत जातं, ते यात धरत नाहीत. हे मूळ वजन साडेचार किलोच्या आत आलं तर सॅक अल्ट्रालाइट झाली. हा साडेचारचा आकडा अमेरिकेतल्या दहा पौंडांवरून आला आहे. तिकडे रे जार्डिन नावाच्या गिर्यारोहकाच्या १९९० च्या दशकातल्या पुस्तकांमुळे ही पद्धत पसरली.

पण मला त्याच्यापेक्षा एम्मा गेटवुड या आजीबाईंची गोष्ट जास्त आवडते. मुलांनाही सांगते. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, या बाई अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली अॅपलाचियन वाट एकट्या चालून गेल्या. पाठीवर सॅक नव्हती, घरी शिवलेली एक पिशवी खांद्यावर टाकलेली. आत एक ब्लँकेट, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा आणि थोडं खाणं. पायात साधे कापडी बूट. म्हणजे हलकं चालायला महागडं सामान लागतं, हे दुकानदारांनी नंतर शिकवलं.

आता तुम्ही म्हणाल, पाच किलो कमी झाल्याने असा काय फरक पडतो? मी गणित करून पाहिलं. नाणेघाटाचा चढ सहाशे मीटरहून जास्त आहे, आपण सहाशेच धरू. पाच किलो वजन सहाशे मीटर वर न्यायला जे कार्य करावं लागतं ते सुमारे २९,४०० ज्यूल, म्हणजे सात किलोकॅलरी. आपलं शरीर खाल्लेल्या ऊर्जेचा पाव हिस्साच अशा कामाला लावू शकतं, म्हणून तीस किलोकॅलरी धरा. एक-दीड मारी बिस्किट! मला आधी हसूच आलं. मग एवढा खटाटोप कशासाठी? तर फायदा ऊर्जेपेक्षा वेगळ्याच ठिकाणी होतो. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर दणका बसतो, तो कमी होतो. अरुंद वाटेवर पाय सटकला तर जड सॅक आपल्याला तिच्या बाजूला ओढते, हलकी ओढत नाही. खांदे भरून येत नाहीत म्हणून मान वर राहते आणि आजूबाजूचं दिसतं. आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर अंगात थोडा जीव उरलेला असतो. सहावी-सातवीला विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर घ्यावं. मुलांना उत्तर मारी बिस्किटात आलं की फार मजा वाटते.

नाणेघाट का निवडला, तेही सांगते. ठाणे जिल्ह्यात मुरबाडच्या पुढे माळशेजच्या रस्त्यावर वैशाखरे गाव आहे. तिथून थोडं पुढे उतरलं की जंगलातून वाट सुरू होते आणि घाट चढून जुन्नर तालुक्यात निघते. कोकणातली बंदरं आणि जुन्नरची बाजारपेठ यांना जोडणारा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी रस्ता. वाटेत दगडी फरसबंदी आणि पायऱ्या अजून दिसतात. माथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, त्यात जकात गोळा करत असं परंपरेने सांगतात. म्हणजे ही वाटच मुळी ओझं वाहणाऱ्यांची. आणि माथ्याच्या जरा खाली जी गुहा आहे, तिच्या भिंतीवर सातवाहनांचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. तो राणी नागनिकेचा मानला जातो. त्यात यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे कोरलेले आहेत. भारतातल्या अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांमध्ये हे मोडतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचा अभ्यास केला. गंमत अशी की त्यात शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. चौथीला संख्याज्ञान शिकवणाऱ्या बाईंना यापेक्षा चांगली सहल कोणती?

तर अशा चौथीच्या एक मॅडम आमच्याच केंद्रातल्या दुसऱ्या शाळेत आहेत. शिक्षण परिषदेत शेजारी बसून चहा घेताना ओळख झाली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. म्हणाल्या, “मॅडम, मला कधी कोणी नेलंच नाही हो असं रात्रीच्या मुक्कामाला. मुलं लहान होती, मग सासूबाई आजारी. आता जायचंय.” मी लगेच हो म्हटलं. बायकांना या कामासाठी सोबत मिळणं किती अवघड असतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

सॅक भरताना

जाण्याच्या आदल्या रविवारी त्यांच्या घरी बसलो. मी शाळेच्या साहित्यपेटीतला तानकाटा आणि माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा दोन्ही नेले होते. त्यांनी भरलेली सॅक तानकाट्याला लावली, तर ९ किलो ४०० ग्रॅम. पाणी न धरता! मग चटईवर सगळं ओतलं आणि एकेक वस्तू मोजायला घेतली.

वजन कुठे लपलेलं असतं ते इथे नीट बघा, कारण प्रत्येकाच्या सॅकमध्ये तेच असतं. मुलाची जुनी मोठी सॅक, रिकामीच १९०० ग्रॅम. टर्किश टॉवेल ५०० ग्रॅम, त्याऐवजी सुती पंचा घेतला १२० ग्रॅमचा. लाडूंचा स्टीलचा डबा ४५० ग्रॅम. लाडू नव्हे हं, नुसता डबा. लाडू साध्या पिशवीत घेतले. थर्मास ७०० ग्रॅम, तो राहिला. दोन दिवसांसाठी ड्रेसचे तीन जोड, त्यातले दोन गेले. आंघोळीचा साबण, शाम्पू, क्रीम, पावडर, तेल, कंगवा यांची भरगच्च पिशवी होती, तिच्यातून ब्रश, चिमूटभर पेस्ट आणि साबणाचा तुकडा एवढंच ठेवलं. जाड रजई काढून एक हलकं फ्लीसचं पांघरूण घेतलं, सातशे ग्रॅमचं.

रजई आम्ही काढू शकलो याचं कारण मुक्काम उघड्यावर नव्हता. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. परदेशातली अल्ट्रालाइटची यादी जशीच्या तशी उचलू नका. त्यांना दिवसचे दिवस वस्ती लागत नाही, म्हणून तंबू, चूल, शिजवायचं भांडं हे सगळं पाठीवर न्यावं लागतं, आणि मग तेच हलकं कसं करायचं हा त्यांचा प्रश्न असतो. आपल्या सह्याद्रीत घाटमाथ्यावर बहुतेक ठिकाणी गाव असतं. आधी फोन करून एखाद्या घरी सांगितलं, की पिठलं-भाकरी आणि ओसरीवर झोपायला जागा मिळते. त्यांना चार पैसे मिळतात, आपली अर्धी सॅक रिकामी होते. आम्ही माथ्यावरच्या घाटघर गावात असं सांगून ठेवलं होतं. काही लोक नाणेघाटाच्या गुहेतच झोपतात. ते मला पटत नाही. दोन हजार वर्षांच्या लेखाशेजारी भात शिजवून भिंती काळ्या करायच्या आणि सकाळी मुलांना वारसा शिकवायचा, हे जमत नाही.

माझ्या स्वतःच्या सॅकचं मूळ वजन ३ किलो ५६५ ग्रॅम भरलं. सॅक ६५०, फोमची मॅट २६०, पांघरूण ७००, स्वेटर ३५०, कपड्यांचा एक जोड ४२०, वाऱ्याचं जॅकेट २२०, प्रथमोपचाराची पेटी १९०, बाकी किरकोळ. त्यावर दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो आणि अर्धा किलो खाऊ. एकूण सहा किलोच्या जरा वर. माझं वजन ५४ किलो आहे, म्हणजे सॅक झाली त्याच्या साधारण ११ टक्के. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात मुलांचं दप्तर त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतच असावं असं म्हटलंय. घाट चढायला निघालेली बाई जवळजवळ त्या हिशेबात बसते आणि पंचवीस किलोची चौथीतली मुलगी चार किलोचं दप्तर घेऊन येते, याचा पालकांनी एकदा विचार करावा.

पाण्याबद्दल एक सूचना. पाणी हीच सॅकमधली सर्वांत जड वस्तू, म्हणून हात आधी तिकडेच जातो. तिथे काटकसर करू नका. घाटाच्या चढावर पाण्याचा भरवसा नाही. वर गुहेजवळ टाकी आहेत, पण ते पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नये.

वाटून घेतलेल्या वस्तू

दोघींनी मिळून जायचं तर काही वस्तू एकीनेच घ्यायच्या, हे ओघानं आलं. पॉवर बँक त्यांच्याकडे, प्रथमोपचार पेटी माझ्याकडे. दोरी, चाकू, सुई-दोरा एकेकच. यात वजन वाचतं खरं, पण त्याच क्षणी तुम्ही एकमेकींवर अवलंबून असता. पॉवर बँकवाली चुकून पुढे निघून गेली तर मागचीचा फोन बंद. म्हणून माझा नियम होता, की बॅटरी, शिट्टी, पाणी आणि थोडा खाऊ प्रत्येकीचा वेगळा. त्या नियमात एक शब्द कमी होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

पसारा आवरत असताना त्यांनी एक छोटी चेनची पिशवी बाजूला धरली होती. मी विचारलं, “हे काय?” त्या म्हणाल्या, “काही नाही, माझं आपलं नेहमीचं गोळ्या-औषधांचं.” मी तानकाट्याच्या नादात होते. म्हटलं, “अहो, माझ्या पेटीत आहे की सगळं! दोन-दोन कशाला?” त्या क्षणभर थांबल्या आणि पिशवी कपाटात ठेवून दिली. त्यांची सॅक ३ किलो ९०० वर आली. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनाही आनंद झाला, फोटो काढला.

पुढे काय झालं याचा अंदाज तुम्हाला आला असेल. मला आला नव्हता.

चढ

कल्याणहून पहाटेची एसटी पकडली आणि सव्वानऊला चालायला लागलो. सुरुवातीची वाट जंगलातून, जवळपास सपाट, तिथे गप्पा मारत मी माझ्या नेहमीच्या वेगाने चालत होते. अर्ध्या तासाने लक्षात आलं की बोलतेय मी एकटीच. मॅडम हं-हं करतायत.

नवीन माणसाबरोबर चालताना वेग कसा ठरवायचा, याची एक सोपी खूण आहे. मागच्याला चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त आहे. त्यांना पुढे घातलं आणि मी मागे राहिले. मागचा माणूस पुढच्याला ढकलत नाही, पण पुढचा माणूस मागच्याला नकळत ओढत राहतो. वर्गात रांग नेताना आपण सर्वांत हळू मुलाला पुढे ठेवतो ते उगाच नाही.

पुढे पायऱ्यांचा उभा चढ लागला. तिथे हलक्या सॅकचा फरक त्यांनी स्वतःच बोलून दाखवला. “मुलाच्या सॅकने माझं कंबरडं मोडलं असतं,” म्हणाल्या. साडेबाराला गुहेत पोचलो. लेखासमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या, बोटाने हवेत चिन्हं गिरवत. मग म्हणाल्या, “मॅडम, माझ्या वर्गात एक जण १०७ ला १००७ लिहितो. शंभर आणि सात, असं तो ऐकतो ना, तसंच लिहितो. त्याचं हे असंच आहे की. शंभराचं चिन्ह, मग साताचं.” मी इतके वेळा तिथे गेलेय, मला हे कधी सुचलं नव्हतं. एक मूल जिथे अडतं तिथे एकेकाळी सगळे विद्वान लोक तसंच लिहीत होते, हे कळल्यावर त्या मुलावर रागावणं जरा अवघड होतं.

गुहेवरची अरुंद नळी चढून माथ्यावर आलो, रांजण पाहिला, कड्यावरून खालचं कोकण पाहिलं. तिथून पठारावरून रमतगमत घाटघर.

रात्र

ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींनी चुलीवर भाकरी टाकायला घेतली होती. डिसेंबरची थंडी, दारं लावलेली. आम्ही दोघी मोठ्या कौतुकाने चुलीजवळच बसलो. जेवण झालं, नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. त्यानंतर मॅडमना खोकला सुरू झाला. आधी ठसका वाटला. पाणी दिलं. खोकला थांबेना. मग मला तो आवाज ऐकू आला, श्वास सोडताना येणारी बारीक शिट्टी. माझ्या वर्गातल्या एका मुलीला दमा आहे, म्हणून तो आवाज मी ओळखते.

“मॅडम, तुम्हाला दमा आहे?”

“आता नाही हो... दोन वर्षं झाली... पंप लागलाच नाही.”

“पंप कुठे आहे?”

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला कपाट आठवलं.

माझ्या १९० ग्रॅमच्या पेटीत बँडेज होतं, क्रेप होतं, ओआरएस होतं, तापाची गोळी होती. पंप कसा असणार? दुसऱ्याचं औषध ‘सगळं’ या शब्दात येत नाही.

तेव्हा काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण सहलीत किंवा शाळेत कोणावरही ही वेळ येऊ शकते. पहिली गोष्ट, धुरापासून बाहेर. मावशींनी ताबडतोब पडवीत खाट टाकली. पण बाहेर गार वारा, आणि गार हवेनेही दमा वाढतो. म्हणून त्यांच्या नाका-तोंडावरून ओढणी सैलसर गुंडाळली, म्हणजे आत जाणारी हवा थोडी कोमट होते. अंगावर दोघींची पांघरुणं आणि वर मावशींची घोंगडी. आडवं झोपवायचं नाही. बसवून, थोडं पुढे वाकवून, हात मांडीवर टेकवून. गळ्याजवळचं बटण सैल. हळू श्वास, सोडताना ओठ चंबू करून. घोट-घोट कोमट पाणी. आणि मुख्य म्हणजे आपण स्वतः घाबरलेलं दाखवायचं नाही. मी घाबरले होते.

हे सगळं तात्पुरतं आहे, हा औषधाला पर्याय नाही, हे नीट लक्षात घ्या. माणसाला एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ-नखं निळसर दिसू लागली, किंवा श्वास घेताना गळ्याखालचा खड्डा आत ओढला जाऊ लागला, तर एक मिनिट न घालवता दवाखाना. घाटघरहून जुन्नर तीसेक किलोमीटर, तेही घाटमाथ्याचा रस्ता. मावशींच्या मुलाने शेजारच्या दादांना उठवलं. त्यांनी जीप दारात आणून उभी केली आणि स्वतः गाडीतच बसून राहिले, काही न बोलता.

मी दर दहा मिनिटांनी मॅडमना चौथीच्या पुस्तकातले धडे क्रमाने सांगायला लावत होते. वाक्य पूर्ण होतंय का, एवढंच ऐकायचं होतं. रात्री साडेअकराच्या सुमाराला शिट्टी कमी झाली. मॅडम हसून म्हणाल्या, “आता परीक्षा पुरे.” निघायची गरज पडली नाही, पण आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं की जीप आली त्याच क्षणी आम्ही निघायला हवं होतं. ते बरं झालं म्हणजे मी बरोबर होते असं नाही.

सकाळचा बेत जीवधन किल्ल्याचा होता. घाटघरच्या बाजूने त्याच्या वाटेवर फुटक्या पायऱ्यांचा, हाताने धरून चढायचा भाग आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या, तोच. मॅडम म्हणाल्या, “मला बरं वाटतंय, तुमचा बेत कशाला मोडायचा?” नवीन सोबत असली की हे वाक्य हमखास येतं. नवीन माणूस संकोचाने हो म्हणतो. नाही म्हणायचं काम अशा वेळी जुन्याने करायचं असतं. आम्ही त्याच दादांच्या जीपने जुन्नरला उतरलो, डॉक्टरांना दाखवलं, पंप घेतला, दुपारच्या एसटीने घरी. दादा भाड्याच्या वर एक रुपया घेईनात. नंतर शाळेतून त्यांच्या मुलीसाठी गोष्टींची पुस्तकं पाठवली.

चूक कुठे झाली

एसटीत मॅडमना विचारलं, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “तुम्ही इतक्या उत्साहात होतात. मला वाटलं, दम्याचं सांगितलं तर तुम्ही न्यायच्याच नाहीत.” हे ऐकून मी गप्प बसले.

आपण सगळ्यांनी डी.एड.ला पाठ टाचणं लिहिली आहेत. उद्दिष्टाच्याही आधी एक रकाना असतो, पूर्वज्ञान. समोरच्याला आधीपासून काय येतं, तो कुठून आलाय, हे विचारल्याशिवाय पाठ सुरू करायचा नाही. मी त्यांच्या सॅकमधल्या प्रत्येक वस्तूला ‘किती ग्रॅम?’ विचारलं. ‘तुम्हाला हे का लागतं?’ हे एकाही वस्तूला विचारलं नाही. आणि हलकं करण्याच्या या खेळात एक छुपी शर्यत असते. ज्याची सॅक हलकी तो जाणकार, ज्याची जड तो नवखा. नवखा माणूस लाजतो आणि लाजेपोटी गरजेची वस्तू काढून ठेवतो. पंच्याऐवजी टॉवेल ठेवला असता तर फार तर खांदा दुखला असता.

म्हणून आता मी काय करते ते सांगते. नवीन कोणाबरोबर मुक्कामाला जायचं तर आधी एक दिवसाची छोटी चाल करते, गावाजवळच्या टेकडीवर, पूर्ण भरलेली सॅक घेऊन. दोन तासांत वेग, पाणी प्यायची सवय, चप्पल-बूट, सगळं कळतं. मग सॅक उघडायच्या आधी बसून बोलायचं, आणि सुरुवात माझ्यापासून. मला उंचीवर कड्याच्या टोकाला चक्कर येते, पाळीच्या पहिल्या दिवशी मला चढ झेपत नाही, रात्री अनोळखी जागी एकटीने बाहेर जायला भीती वाटते. मी हे सांगितलं की समोरची आपोआप सांगते. चालू असलेली औषधं, बंद झालेली औषधं (हे मुद्दाम विचारायचं), अॅलर्जी, गुडघा, झोप. कोणत्या क्षणी परत फिरायचं हे घरीच ठरवायचं, आणि दोघींपैकी कोणीही एकीने ‘परत’ म्हटलं की दुसरीने कारण विचारायचं नाही. दोघींच्या घरी दोघींचेही नंबर, मुक्कामाच्या घराचा नंबर आणि परतीची वेळ लिहून द्यायची. आणि ज्याचं औषध त्याच्याच सॅकच्या वरच्या कप्प्यात, ते काट्यावर ठेवायचंच नाही.

पालकांसाठी एक आग्रहाची विनंती. शाळेच्या सहलीच्या संमतीपत्रावर ‘काही आजार आहे का?’ या ओळीपुढे जवळपास सगळे ‘नाही’ लिहितात. मुलाला नेणार नाहीत ही भीती त्यामागे असते, आणि आता ती मला चांगली कळते. आम्ही यंदा ती ओळ बदलली. ‘तुमच्या मुलाला बरं वाटेनासं झालं तर आम्ही काय करावं?’ असं विचारलं. बत्तीस पालकांपैकी नऊ जणांनी काही ना काही लिहून दिलं. एका मुलाच्या आईने लिहिलं की त्याला गाडीत मागे बसवू नका आणि उलटी झाली तर सर्वांसमोर बोलू नका. मागच्या वर्षी त्याच मुलाच्या पत्रावर ‘नाही’ होतं.

वर्गात उपक्रम घ्यायचा असेल तर असा घ्या. पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एका रात्रीच्या मुक्कामाची वीस वस्तूंची चिठ्ठी द्या, वस्तू खऱ्या मोजू द्या, बेरीज ग्रॅममध्ये आणि मग किलोग्रॅममध्ये करायला लावा. त्यातून साडेतीन किलोच्या आत सॅक बसवायची. पण प्रत्येक गटात एका मुलाच्या हातात गुपचूप एक कार्ड द्या, ‘तुला चष्म्याशिवाय दिसत नाही’ किंवा ‘तुला अंधाराची भीती वाटते’. तो स्वतःहून सांगणार नाही, विचारलं तरच सांगेल, असं त्याला सांगून ठेवा. आमच्याकडे सहापैकी चार गटांनी बेरीज बरोबर केली आणि चष्मा घरी ठेवला.

घरी आल्यावर मॅडमनी ती चेनची पिशवी काट्यावर ठेवून मला फोटो पाठवला. पंप आणि गोळ्यांसकट ६४ ग्रॅम.

फेब्रुवारीत आम्ही दोघी पुन्हा घाटघरला जातोय, राहिलेल्या जीवधनसाठी. मावशींना फोन केला, तर त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की या वेळी भाकऱ्या परसातल्या चुलीवर टाकीन. यादी मॅडम करतायत. लाडूंचा डबा त्यांनी परत घेतलाय, स्टीलचाच. म्हणाल्या, पिशवीत लाडवांचा चुरा होतो.